एस्थाची साक्ष

अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' ही कादंबरी मी एम.ए.च्या वर्गाला शिकवते. महाविद्यालय अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वर्गात मुली जास्त. सकाळी घरचं आवरून एसटीनं येणाऱ्या, दुपारची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या तासाला घड्याळाकडे बघणाऱ्या. मुलं शेतकऱ्यांच्या, ऊसतोड मजुरांच्या, साखर कारखान्यातल्या कामगारांच्या घरची. आमच्या भागात मिशनची जुनी चर्चेस आणि शाळा आहेत, त्यामुळे वर्गात ख्रिस्ती मुलंही असतात. यातल्या बऱ्याच जणांनी इंग्रजी कादंबरी अथपासून इतिपर्यंत आधी कधी वाचलेली नसते. तरीही ही कादंबरी या वर्गात जितकी खोल उतरते तितकी दुसरी कुठलीच उतरत नाही, असा माझा अनुभव आहे. ती का उतरते, ते सांगावंसं वाटतं.

कादंबरी १९९७ साली आली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळालं. रॉय यांची ही पहिलीच कादंबरी. केरळात कोट्टायमजवळ आयमेनम नावाचं गाव आहे, तिथे त्यांचं लहानपण गेलं; कादंबरीही तिथेच घडते. एक सीरियन ख्रिस्ती घराणं आणि त्यांचा लोणच्यांचा कारखाना. नवऱ्याला सोडून माहेरी परतलेली अम्मू. तिची जुळी मुलं एस्था आणि राहेल, वय वर्षं ७. कारखान्यात सुतारकाम आणि यंत्रांची दुरुस्ती करणारा वेलुथा, परवन जातीचा, म्हणजे गावाच्या लेखी अस्पृश्य. अम्मू आणि वेलुथा एकमेकांवर प्रेम करतात. त्याच दिवसांत इंग्लंडहून आलेली मुलांची मामेबहीण सोफी मोल नदीत बुडून मरते. पोलीस वेलुथाला मरेस्तोवर मारतात. अम्मूला घराबाहेर काढतात, एस्थाला बापाकडे पाठवून देतात. पुढे अम्मू ३१व्या वर्षी एका लॉजच्या खोलीत एकटी मरते आणि एस्था बोलणंच सोडून देतो.

गाईडांत या कादंबरीला निषिद्ध प्रेमाची शोकांतिका म्हणतात. प्रेम आहेच, आणि ते फार सुंदर लिहिलं आहे. पण वर्गात वाचता वाचता माझं लक्ष पोलीस ठाण्यातल्या एका क्षणावर स्थिरावत गेलं. ७ वर्षांच्या मुलाला इन्स्पेक्टर एक प्रश्न विचारतो आणि मूल 'हो' म्हणतं. हा होकार खोटा आहे, तो मोठ्यांनी त्याच्या तोंडात घातला आहे, आणि त्याच्यावर एका माणसाच्या खुनाचा कागद पुरा होतो. सगळी कादंबरी या होकाराभोवती उभी आहे, असं मी आता वर्गात सुरुवातीलाच सांगते आणि मग तिथपर्यंत मुलांना घेऊन जाते.

जायला वेळ लागतो, कारण गोष्ट सरळ रेषेत चालत नाही. १९९३ साली राहेल आयमेनमला परतते तिथे ती सुरू होते. तिथून १९६९च्या डिसेंबरात शिरते, आणखी मागे अम्मूच्या लग्नापर्यंत, तिच्या आईवडिलांच्या संसारापर्यंत जाते आणि पुन्हा पुढे येते. पहिल्याच प्रकरणात सोफी मोलचा अंत्यविधी होऊन जातो. 'मॅडम, शेवट आधीच कळला, मग पुढे वाचायचं काय?' हा प्रश्न ठरलेला. म्हणून पहिले काही तास आम्ही फळ्यावर काम करतो. एक लांब रेघ, तिच्यावर सालं, आणि ज्यानं जे प्रकरण वाचलं त्यानं त्यातली घटना नेमकी जागा शोधून तिथे लिहायची. १९६९चा डिसेंबर इतका दाटतो की तिथे अक्षरं बारीक करावी लागतात. दोन आठवड्यांत एवढं घडलं, हे फळ्याकडे बघूनच मुलांना कळतं.

रेघ भरली की तिच्याखाली मी तीन रकाने आखते: कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, कोण गप्प राहिलं. मग नावं सुचवायची. वेलुथाचा बाप वेल्या पापेन: त्यानं पाहिलं आणि मालकिणीच्या दारात जाऊन सांगितलं. मालकिणीनं, म्हणजे अम्मूच्या आईनं, मम्माचीनं, त्याला काचेचा डोळा बसवून दिला होता. त्या उपकारापोटी तो स्वतःच्या पोराला मारायलाही तयार झाला. बेबी कोचम्मा, अम्मूची आत्या: तिनं काहीच पाहिलं नाही, आणि ठाण्यात जाऊन बलात्काराची खोटी तक्रार दिली. कॉम्रेड पिल्लई, गावातला कम्युनिस्ट पुढारी: वेलुथा आपल्याच पक्षाचा सदस्य आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इन्स्पेक्टरनं विचारलं तेव्हा त्यानं तेवढंच सांगितलं नाही. इन्स्पेक्टर थॉमस मॅथ्यू: त्याला खरं उशिरा कळलं, पण कळलं. तोवर कोठडीतला माणूस वाचण्यापलीकडे गेला होता. मग त्यानं खोट्यालाच कागदोपत्री आधार शोधला. आणि शेवटी ती दोन मुलं, ज्यांची नावं तिन्ही रकान्यांत लिहावी लागतात.

हा तक्ता पुरा झाला की मी विचारते, खरं सांगू शकतील अशी माणसं या गोष्टीत किती? मुलांचं उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं: वेलुथा, अम्मू आणि ही दोन लेकरं. मग आम्ही एकेकाला घेऊन बसतो. त्याचं सांगणं का धरलं गेलं नाही, हे पाहतो. माझ्या शिकवण्याची ही रचना फळ्यावरच्या त्या तक्त्यातून आली आहे.

वेलुथापासून सुरुवात. मम्माचीला आठवतं की तिच्या लहानपणी परवनांना हातात झाडू घेऊन उलटं सरकत जावं लागे, आपल्या पावलांच्या खुणा पुसत. उच्चवर्णीयांचा पाय त्या खुणेवर पडून विटाळ होऊ नये म्हणून. हा परिच्छेद वाचला की आमच्या वर्गाला केरळ लांबचं राहत नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांनी कमरेला झाडू बांधावा असा दंडक होता, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिलं आहे. मुलांना ते शाळेपासून, जयंतीच्या भाषणांतून माहीत असतं. रॉय यांनी २०१४ साली याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला दीर्घ प्रस्तावना लिहिली. मी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवते. ज्याच्या पावलाची खूणसुद्धा जमिनीवर राहू द्यायची नाही, त्याच्या शब्दाची नोंद ठाण्यात होईल कशी, एवढंच मला तिथे म्हणायचं असतं.

पुढचा प्रश्न हमखास येतो: 'मॅडम, हे लोक तर ख्रिस्ती ना? मग जात कुठून आली?' प्रश्न विचारणारा बहुधा हिंदू घरातला असतो. उत्तर देणारा ख्रिस्ती. एकदा एका मुलानं उभं राहून, मान खाली घालून पण स्पष्ट आवाजात सांगितलं की त्याच्या आज्याला गावात काय म्हणत आणि प्रार्थनेला गेल्यावर कोण कुठे बसे. कादंबरीत वेलुथाचा आजा ख्रिस्ती झालेला आहे. अशा लोकांसाठी वेगळी चर्चेस निघाली, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांना कळलं की कागदावर आपण ख्रिस्ती, म्हणून सवलत नाही. गावात मात्र आपण आधी होतो तेच. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात पुढे शिखांचा समावेश झाला, १९९०मध्ये बौद्धांचा झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. हे मी फळ्यावर लिहिते. त्या मुलाला स्वतःचं दाखल्यांचं सगळं प्रकरण एका इंग्रजी कादंबरीच्या अर्ध्या पानात सापडलं. त्यानंतर त्यानं ते पुस्तक ज्या तऱ्हेनं वाचलं, तसं नोट्स वाचून वाचता येत नाही.

वेलुथाविषयी आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. तो हुशार कारागीर आहे. कोट्टायमला आलेल्या एका जर्मन सुताराकडून त्यानं काम शिकून घेतलं. कारखान्यातलं बंद पडलेलं यंत्र तोच चालू करतो. मम्माची त्याला कामावर ठेवते, पण इतर कामगार बिथरू नयेत म्हणून सवर्ण सुतारापेक्षा कमी मजुरी देते. लहान मुलांसाठी तो लाकडाची बारीकसारीक खेळणी करतो. मुलं त्याच्याकडे जातात ती याच ओढीनं. ज्या मुलांना तो सगळ्यांत जवळचा वाटतो, त्याच मुलांना त्याच्याविरुद्ध उभं केलं जातं, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा, असं सांगून आम्ही अम्मूकडे वळतो.

अम्मूचं प्रकरण वर्गात सर्वांत लवकर पेटतं ते लोणच्यांच्या कारखान्यावरून. मुलींपैकी काहींच्या आया बचत गटात पापड-लोणची करतात. कारखाना मम्माचीनं उभा केला, स्वतःच्या हाताच्या चवीवर. मग मुलगा चाको मद्रासहून नोकरी सोडून आला, यंत्रं आणली, कंपनी नोंदवली आणि आईला सांगितलं की तू फक्त नावाची भागीदार. अम्मू तिथे चाकोइतकंच राबते. चाको मात्र येताजाता माझा कारखाना, माझी लोणची असं म्हणतो, आणि कायद्यानं ते खरं असतं, कारण मुलीला त्यात वाटा नाही.

इथे मी कादंबरी मिटून अरुंधती रॉय यांच्या आईची, मेरी रॉय यांची हकीकत सांगते. त्रावणकोरच्या १९१६च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार बापानं मृत्युपत्र केलं नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली न्यायालयानं निकाल दिला की हा जुना कायदा तिथे १९५१पासूनच लागू नाही. भारतीय वारसा कायदाच लागू आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. म्हणजे १९६९ साली अम्मू आपल्या भावाच्या घरात आश्रित म्हणून दिवस काढत होती, तेव्हा हक्क कायद्यात होता. तो कोणी तिला सांगितला नव्हता, आणि तिच्या बाजूनं तो कोणी मागितलाही नव्हता.

हे सांगितलं की मुली हक्कसोडपत्राविषयी बोलायला लागतात. आपल्याकडे १९९४ साली राज्यानं आणि २००५मध्ये केंद्रानं हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण बाप गेल्यावर सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात आणि काही दिवसांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याच बहिणी हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या करतात. एक मुलगी म्हणाली, 'आत्यानं सही केली तेव्हा आज्जीनं तिला साडी नेसवली, मॅडम. नसती केली तर दिवाळीला माहेर राहिलं नसतं.' वर्गात कोणी हसलं नाही. सही केलेली बहीण घरातल्या भांडणात काय बोलू शकते, तिचं कोण ऐकतं, हे त्यांना अम्मूपेक्षा आधी कळलेलं होतं. वेलुथाच्या मृत्यूनंतर अम्मू ठाण्यात जाते, खरं सांगायला. इन्स्पेक्टर तिला अपमान करून परत पाठवतो. नवरा सोडलेली, बापाच्या घरात वाटा नसलेली बाई. तिचा जबाब घ्यावा असं त्याला वाटत नाही. वाटा आणि शब्द यांचं हे नातं मला कुठल्याही स्त्रीवादी सिद्धान्ताच्या पाठातून इतकं नीट शिकवता आलं नसतं.

आता उरली मुलं.

एस्थाच्या गप्पपणाची सुरुवात वर्गाला वाटते त्याच्या बरीच आधी होते. कोचीनच्या अभिलाष टॉकीजमध्ये घरची मंडळी 'द साउंड ऑफ म्युझिक' बघायला गेलेली असतात. एस्था एकटा बाहेर व्हरांड्यात येतो. थंड पेयांच्या काउंटरमागचा माणूस त्याला फुकट पेय देतो आणि त्याचं लैंगिक शोषण करतो. एस्था कोणालाच सांगत नाही. हा भाग मी वर्गात मोठ्यानं वाचायला कोणाला देत नाही. स्वतः सांगते, मोजक्या शब्दांत, आणि फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा आकडा लिहून ठेवते. अडचणीतल्या मुलांसाठीचा हा हेल्पलाइन नंबर. तो दिवसभर तिथेच राहतो. पुरुष विद्यार्थी या तासाला खाली बघतात. मुलग्यांच्या बाबतीतही असं घडतं, हे त्यांच्यापुढे शिक्षकानं उघड उच्चारलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

मग आम्ही कार्यकारण लावतो. तो माणूस एस्थाला घराचा पत्ता विचारतो, म्हणून एस्थाला भीती बसते की तो एक दिवस आयमेनमला येईल. म्हणून त्याला नदीपलीकडे लपायची जागा हवी असते. म्हणून जुनी होडी शोधून ती वेलुथाकडून दुरुस्त करून घ्यायची. पुढे अम्मू, खोलीत कोंडलेली, उद्विग्न होऊन मुलांना तोडून बोलते. तुमच्यामुळे माझं आयुष्य अडकलं असं सुनावते. मुलं रात्री तीच होडी घेऊन निघतात, सोफी मोल हट्टानं बरोबर येते, होडी उलटते. ही साखळी फळ्यावर उलट्या क्रमानं मांडली की शेवटच्या कडीला थिएटरचा व्हरांडा येतो. एका मुलाला एक गोष्ट घरात सांगता आली नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. मीनाचल नदी, पूर, अपघात, हे सगळं आहेच. पण रॉय यांनी त्या होडीला दिलेलं कारण तेच आहे.

ठाण्याचं प्रकरण आम्ही सावकाश वाचतो. घाई केली की त्यातलं काम दिसत नाही. मुलांना इन्स्पेक्टरच्या खोलीत बसवलं आहे, चिखलानं माखलेली. त्यांनी पहाटे आपल्या डोळ्यांदेखत वेलुथाला पोलिसांनी कसं मारलं ते पाहिलेलं आहे. एक हवालदार प्लास्टिकच्या ट्रेमधून त्यांच्यासाठी कोका-कोला घेऊन येतो. बाटलीत स्ट्रॉ. इथे मी थांबते आणि काही बोलत नाही. कधी पहिल्या बाकावरून, कधी शेवटच्या बाकावरून, पण कोणी तरी बोलतंच: 'मॅडम, थिएटरमध्येपण आधी कोल्ड्रिंकच दिलं होतं.' तो तास माझ्या लेखी तिथे पूर्ण होतो. दोन्ही वेळा मोठ्या माणसाला मुलाकडून काही तरी हवं आहे, दोन्ही वेळा आधी गोड थंड बाटली हातात येते. लेखिका यावर फारसं भाष्य करत नाही. वाचणाऱ्यानं दोन प्रसंग स्वतः शेजारी ठेवायचे. साहित्य वाचायचं म्हणजे काय करायचं, हे मला याहून चांगल्या उदाहरणानं समजावता येत नाही.

मुलांशी बोलून इन्स्पेक्टरला कळतं की त्यांना कोणी पळवून नेलेलं नव्हतं. तो बेबी कोचम्माला बजावतो: आता तक्रार टिकवायची तर अम्मूचा जबाब आण, नाहीतर मुलांपैकी एकानं तरी आरोपीला ओळखलं पाहिजे, नाहीतर खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा तुझ्यावर. आणि तो तिला मुलांजवळ एकटीला सोडून बाहेर जातो. बेबी कोचम्मा मारत नाही, ओरडत नाही. घरच्या माणसासारखी जवळ बसते. सोफी मोल तुमच्यामुळे मेली, आता तुम्हांला आणि तुमच्या आईला तुरुंगात नेतील, तिथे तिचे हाल होतील, असं सगळं हळू आवाजात समजावते. मग निवड त्यांच्यावर सोपवते: आईला वाचवायचं की नाही? एस्थाला ती कोठडीपाशी पाठवते, कारण दोघांत तो जास्त शहाणा आणि ऐकणारा आहे.

ऐकणारं मूल. आपल्या घरांत मुलाची याहून मोठी तारीफ होत नाही. मी वर्गाला विचारते की घरात मुलांच्या तोंडून काय काय वदवून घेतलं जातं? सुरुवात हसण्यावारी होते. उसने पैसे मागायला आलेल्याला 'बाबा घरी नाहीत' असं सांगणं. मार्क वाढवून सांगणं. मग आवाज बदलतात. वाटणीच्या भांडणात काकानं काय केलं ते पंचांपुढे सांगायला लावलेला मुलगा असतो. आईबापांच्या फारकतीत कोणाकडे राहायचं ते कोर्टात काय बोलायचं, याची घरी तालीम करून घेतलेली मुलगी असते. एका मुलीनं मोठ्या बहिणीच्या बाबतीत तिच्याकडून काय सांगून घेतलं गेलं ते वर्गात सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मी तिला पुढे विचारलं नाही. तिचे तपशील मी इथेही लिहिणार नाही. ते तिचे आहेत. कादंबरी शिकवणाऱ्यानं मुलांची गुपितं गोळा करू नयेत, हा माझा नियम. मी एवढंच सांगते, घरी जाऊन लिहा, मराठीत लिहा, मला दाखवायची गरज नाही. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी तासानंतर यावं. काही जण येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या मनात एकच असतं: आपण तेव्हा खोटं बोललो, म्हणून जे झालं ते आपल्यामुळे झालं. त्यांच्याशी बोलताना ही कादंबरी माझ्या फार कामी येते. एस्थाचा दोष आहे का, असं विचारलं की त्यांचं उत्तर तात्काळ येतं. नाही. त्याचा कसला दोष, मॅडम, तो ७ वर्षांचा होता. ते उत्तर त्यांच्या स्वतःच्याच तोंडून आलेलं असतं, आणि त्यावर मला काही जोडावं लागत नाही.

शेवटचं प्रकरण न शिकवता सोडून द्यावं, असं मला एका हितचिंतकानं सुचवलं होतं. मुलींचा वर्ग आहे, पालक काय म्हणतील. कादंबरी आली तेव्हा केरळातही याच प्रकरणावरून अश्लीलतेचा खटला झाला होता आणि तो बरीच वर्षं रेंगाळला. मी ते प्रकरण शिकवते. कालक्रमानं पाहिलं तर नदीकाठची अम्मू-वेलुथाची ती पहिली रात्र कधीच होऊन गेलेली आहे; लेखिकेनं ती सर्वांत शेवटी ठेवली. त्या दोघांना भविष्य नाही हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून ते फक्त दुसऱ्या दिवशी भेटण्याचं वचन देतात आणि कोळ्यासारख्या क्षुद्र जीवाची काळजी घेत बसतात. वाचकाला तोवर सगळी किंमत कळलेली असते. किंमत आधी आणि प्रेम नंतर, असा क्रम लावल्यामुळे त्या प्रेमाकडे चोरून बघावंसं कोणालाच वाटत नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी ते प्रकरण जितक्या शांतपणे आणि आदरानं वाचलं, तितका आदर त्यावर आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवलेला मला आठवत नाही.

याच टप्प्यावर 'सैराट'चा विषय निघतो, निघणारच. नागराज मंजुळे यांचा २०१६चा हा चित्रपट आमच्याकडे पाठ नाही असा विद्यार्थी विरळा. वर्गात सगळे आर्ची-परश्याविषयी बोलत असताना एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, शेवटी उरतं ते लेकरूच की. त्यानंच सगळं बघितलं.' रक्तात पाय भिजलेलं, रडत बाहेर पडणारं ते मूल आणि त्याच्या पावलांच्या त्या खुणा. जरा वेळानं दुसऱ्या कोणाला परवनांचा झाडू आठवला. एकीकडे पावलांच्या खुणा पुसायला लावणारा समाज, आणि दुसरीकडे कोणाला पुसता न येणारी एका लेकराची पावलं. अपर्णा वेलणकर यांनी केलेला या कादंबरीचा मराठी अनुवाद त्या मुलानं मग आपल्या बहिणीसाठी नेला.

परीक्षेत या कादंबरीवर कथनतंत्र, प्रतीकं, जातवास्तव असे प्रश्न येतात आणि मुलं ते लिहितात. चांगले गुणही मिळवतात. पण ही मुलं पुढे कुठे जातात ते मी बघत असते. कोणी बी.एड. करून शाळेत लागतं. कोणी तलाठ्याची परीक्षा देतं. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुली तर माझ्या वर्गात नेहमीच असतात. काही वकिलांकडे काम करतात, काही अंगणवाडीत. उद्या यांच्यापैकी कोणाच्या तरी टेबलासमोर एक मूल उभं राहणार आहे आणि त्याच्या खांद्यावर घरच्या मोठ्या माणसाचा हात असणार आहे. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या २०१२च्या कायद्यानं मुलाचा जबाब गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्यानं, मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या उपस्थितीत घ्यावा असं सांगून ठेवलं आहे. आयमेनमच्या मुलांचा विश्वास कोणावर होता आणि ठाण्यात त्यांच्याशेजारी कोण बसलं होतं, हे माझ्या विद्यार्थ्यांनी वाचलेलं आहे. हवालदार झालेल्या मुलीनं त्या वेळी एवढंच करावं: शेजारच्या मोठ्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगावं, आणि मुलाला विचारावं, तुला इथे कोण जवळ हवं आहे? ही कादंबरी मी तेवढ्यासाठी शिकवते.